घटस्फोटाचे न्यायालयीन दप्तर, नागपूर

घटस्फोटाच्या प्रकरणात न्यायालयात दाखल होणारे, तिथे तयार होणारे आणि निकालानंतर अभिलेख कक्षात जाणारे कागद. याचिका, लेखी जबाब, रोजनामा (कामकाजाची तारीखवार नोंद), निशाणी क्रमांक (न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक) पडलेले दस्तऐवज, साक्षी, निकालपत्र (कारणांसह निर्णय) व हुकूमनामा (त्या निर्णयाचा औपचारिक आदेश) हे त्याचे मुख्य भाग. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी महानगरपालिकेकडे मिळतात. घटस्फोटाची नोंदवही मात्र, पारशी विवाह वगळता, महाराष्ट्रात कोणतेच कार्यालय ठेवत नाही. त्यामुळे ‘घटस्फोटाचा दाखला’ असा वेगळा कागद नसतो. पासपोर्ट, पुनर्विवाह किंवा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जो कागद मागतात तो हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, म्हणजे कचेरीतल्या बोलीत ‘नक्कल’. ती शोधायची तर विवाह कोणत्या कायद्याखाली झाला, प्रकरण साधारण कोणत्या साली चालले आणि पक्षकार तेव्हा शहरात राहत होते की तालुक्यात, हे आधी ठरवावे लागते.

जुन्या कागदांत या गोष्टीला एकच शब्द नाही, आणि शब्दावरून कागदाचे स्वरूप बरेचसे कळते. ‘घटस्फोट’ मुळात विवाहाशी निगडित नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी आहे : दासीने पाण्याने भरलेला घट, जणू मृतासाठी, पायाने उपडा करावा आणि आप्तांनी एक अहोरात्र अशौच पाळावे. जिवंत माणूस नातेवाइकांपुरता मेला, असा त्याचा अर्थ. पतिपत्नींच्या विभक्त होण्याला हाच शब्द लागला तो अर्थविस्ताराने, बहुधा बऱ्याच उशिरा. ‘फारकत’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक ‘फारिग-खत’, म्हणजे मोकळे केल्याचा लेख. दुसरी अरबी ‘फुरकत’, म्हणजे वियोग. पहिली अधिक पटते, कारण ‘फारखत’ हे रूप मराठीत कर्ज फिटल्याच्या लेखालाही वापरले जाई आणि ‘खत’चा ख त्यात टिकून आहे. फारकत हा मूळचा कागद होता, सोडचिठ्ठीही कागदच. ‘काडीमोड’ मात्र पंचांसमोर गवताची काडी मोडण्याची कृती. तिचा लेख होईलच असे नाही. घरातली वडीलधारी मंडळी ‘आजीची काडीमोड झाली होती’ असे सांगत असतील, तर न्यायालयाच्या दप्तरात ते प्रकरण सापडण्याची शक्यता फार थोडी.

हिंदूंचे न्यायालयीन घटस्फोट नागपुरात कधीपासून सुरू झाले, याबद्दल घोटाळा आढळतो. नागपूर आज महाराष्ट्रात असल्यामुळे मुंबई प्रांताचा १९४७चा हिंदू घटस्फोट कायदा येथेही लागू होता असे गृहीत धरून त्या काळातले हुकूमनामे शोधले जातात. तो कायदा मुंबई प्रांतापुरता होता. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मुंबई राज्याबाहेरच राहिले. मद्रास व सौराष्ट्र यांनीही पुढे असे कायदे केले. १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ३०ने जे प्रांतिक कायदे रद्द केले, त्यांत मध्य प्रांताचा एकही नाही, हा पुरावा येथे निर्णायक मानावा. म्हणून हिंदू विधीने लागलेल्या लग्नांचे न्यायालयीन घटस्फोट नागपुरात १८ मे १९५५नंतरच शोधावेत. त्याआधीचा जो काही पुरावा असेल तो रूढीच्या घटस्फोटाचा; रूढी सिद्ध झाल्यास त्याला कलम २९(२)ने आजही मान्यता आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांबाबतही हाच अधिनियम पाहावा, कारण कलम २नुसार तो बौद्धांनाही लागू आहे.

ख्रिस्ती विवाहांचे दप्तर याहून जुने आणि अधिक गुंतागुंतीचे. १८६९च्या घटस्फोट अधिनियमाखाली जिल्हा न्यायाधीशाचा हुकूमनामा स्वतःच्या बळावर अंतिम होत नसे. कलम १७प्रमाणे उच्च न्यायालयाने तो कायम करावा लागे, तेही किमान सहा महिने उलटल्यावर. पुरेसे न्यायाधीश असतील तेथे ही सुनावणी तीन न्यायाधीशांपुढे होई. ही अट २००१च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे १९७५ सालच्या एखाद्या ख्रिस्ती जोडप्याचा केवळ जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला, तर कागद अर्धाच मिळाला. कायम केल्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या दप्तरात पाहावा लागतो : १९३६ ते १९५६ नागपूर उच्च न्यायालय, त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. १९४० साली खुली झालेली सिव्हिल लाइन्समधील इमारत दोन्ही काळांत तीच.

मुस्लिम विवाहांत १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाखाली पत्नीने मिळवलेला विच्छेद दिवाणी दप्तरात असतो. न्यायालयाबाहेरचा तलाक तेथे नसतो.

आजची प्रकरणे दोन ठिकाणी विभागलेली आहेत. शहरातील प्रकरणे १९८४च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाखालील कौटुंबिक न्यायालयात चालतात. काटोल, रामटेक, सावनेर, उमरेड अशा भागांतील पक्षकारांची प्रकरणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे शोधावीत. तेथे ती ‘हिंदू विवाह याचिका’ म्हणून नोंदतात. शहरातलीही जुनी प्रकरणे याच नावाने दिवाणी न्यायालयाच्या नोंदींत आहेत. कौटुंबिक न्यायालयात क्रमांकाआधीचे अक्षर प्रकार सांगते : ‘ए’ वैवाहिक दाद, ‘डी’ मुलांचा ताबा, ‘ई’ पोटगी, ‘एफ’ परस्पर संमतीचा घटस्फोट. हा तपशील क्षुल्लक नाही. कित्येकींच्या घरी जपून ठेवलेला कागद ‘ई’ क्रमांकाचा निघतो. तो पोटगीचा आदेश असतो, घटस्फोटाचा नव्हे, आणि त्याच्या भरवशावर पुढचे आयुष्य उभे केलेले असते.

प्रकरण क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्स सेवेवर, म्हणजे न्यायालयांतील प्रकरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, पक्षकाराचे नाव व साल, वकिलाचे नाव किंवा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) यांवरून शोध घेता येतो. नावांचे इंग्रजी वर्णलेखन एकसारखे नसल्याने एकच आडनाव दोन-तीन प्रकारे घालून पाहावे. पत्नीची नोंद माहेरच्या नावाने की सासरच्या, हेही तपासावे. संगणकीकरणापूर्वीच्या प्रकरणांना न्यायालयाची नोंदवही हाच आधार. शोध लागला तरी आदेशाची प्रत तेथे उघड दिसेल असे नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२नुसार ही कार्यवाही बंद दालनात होते आणि ती छापणे वा प्रसिद्ध करणे दंडनीय आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे छापलेले निर्णय तेवढे त्याला अपवाद.

नकलेचा अर्ज नक्कल विभागात द्यावा लागतो. त्यावर न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद लिहून कोर्ट फी तिकीट लावतात. ‘संपूर्ण फाइल’ असे न लिहिता निकालपत्र व हुकूमनामा ही नावे वेगवेगळी लिहावीत. एक मिळून दुसरे राहून गेले की पुन्हा फेरी पडते. तयार नकलेवर न्यायालयाची मोहोर व प्रमाणित करणाऱ्याची सही असते आणि तळाशी किंवा पाठीमागे तारखा : अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, हाती दिल्याची. छायाप्रत काढताना नेमकी हीच बाजू गळते. या तारखांना कायद्यात वजन आहे, कारण मुदत अधिनियमाच्या कलम १२नुसार नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात. अपिलाची मुदत किती, हाही वादाचा विषय होता. कौटुंबिक न्यायालय अधिनियम ३० दिवस सांगतो. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २८, २००३च्या दुरुस्तीनंतर, ९०. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (तीन वा अधिक न्यायाधीशांच्या पीठाने) ९० दिवसांच्या बाजूने कौल दिला. पुनर्विवाहासाठी कागद पाहणाऱ्याने म्हणूनच हुकूमनाम्यावर न थांबता नागपूर खंडपीठात कौटुंबिक न्यायालय अपील दाखल झाले होते का, हेही पाहावे. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते. १९७६पूर्वीच्या हुकूमनाम्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हा वर्षभर पुनर्विवाहाला मनाई होती. ती मोडून झालेले लग्न त्या एकाच कारणाने शून्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ठरवले. निवृत्तिवेतनाच्या वादांत हा मुद्दा आजही उपयोगी पडतो.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४)नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य दिली पाहिजे. ही तरतूद प्रत्येक पक्षकाराला, विशेषतः शेवटच्या पेशीनंतर माहेरी निघून जाणाऱ्या बाईला, निकालाच्या दिवशीच सांगितली जायला हवी. वीस वर्षांनी वकील हयात नसतो, क्रमांक आठवत नाही आणि १९१७च्या अभिलेख नाश अधिनियमाखालील नियमांप्रमाणे फाइलमधले काही कागद मुदतीनंतर नष्टही झालेले असतात.

त्रयस्थाला नक्कल सहजी मिळत नाही. कारण सांगणारा अर्ज, त्याला जोडलेले प्रतिज्ञापत्र आणि न्यायालयाची परवानगी लागते. माहितीच्या अधिकाराची वाट येथे उपयोगाची नाही. न्यायिक अभिलेखाच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनीच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये सांगितले. पहिल्या लग्नाची खातरजमा करू पाहणाऱ्या स्थळाकडच्यांनी म्हणूनच मुलाकडे वा मुलीकडेच प्रमाणित प्रत मागावी. समुपदेशकापुढे झालेले बोलणे गोपनीय असते. पक्षकारानेही त्याच्या प्रतीची अपेक्षा ठेवू नये.

रूढीने झालेल्या घटस्फोटाचा कागद कोठेच नसेल, तर वैवाहिक स्थितीच्या घोषणेसाठी दावा लावता येतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ७मध्ये तशी तरतूद आहे. त्या जातीत ही रूढी आहे आणि ती या प्रकरणात पाळली गेली, हे पुराव्याने दाखवावे लागते. नोटरीकडे केलेला सोडचिठ्ठीचा लेख त्याला पुरत नाही; काडी मोडताना हजर असलेल्यांपैकी कोणी हयात असेल, तर त्याची साक्ष वेळीच नोंदवून घ्यावी.