मेंदूतील धमनीचा स्टेंट

कवटीच्या आतली अरुंद धमनी रुंद करून तिथे जाळी बसवण्याचा उपचार. या धमन्यांत चरबीचा थर साचून होणारा अर्धांगवायू, खानदेशात ज्याला ‘लकवा मारला’ म्हणतात, भारतीयांत पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो.

जांघेतल्या धमनीतून कॅथेटर (बारीक लवचीक नळी) मानेपर्यंत नेतात. त्यातून ०.०१४ इंच जाडीची तार अरुंद भागापलीकडे सरकवतात, तिच्यावरून फुगा नेऊन सावकाश फुगवतात आणि मग जाळी उघडतात.

निर्णायक पुरावा अमेरिकेतील ‘सॅमप्रिस’ चाचणीचा. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आणि नुकताच लकवा किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेले ४५१ रुग्ण त्यात होते. पहिल्या ३० दिवसांत लकवा किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, फक्त औषधांच्या गटात ५.८ टक्के. म्हणून एप्रिल २०११ मध्ये भरती थांबवली. बिघडते ते असे: मुख्य धमनीतून केसासारख्या बारीक शाखा निघतात, फुगा आणि जाळी चरबीचा थर त्यांच्या तोंडात ढकलतात. कधी तार धमनीला भोक पाडते, कधी अचानक वाढलेल्या प्रवाहाने रक्तस्राव होतो. २०२२ च्या चिनी ‘कॅसिस’ चाचणीत ताज्या लकव्याचे रुग्ण वगळले, तरी स्टेंटचा फायदा दिसला नाही. फुगा कमी फुगवून जाळी न बसवण्याच्या ‘बेसिस’ चाचणीचे (२०२४) आकडे आशादायक आहेत. मात्र पहिल्या महिन्याचा धोका तिथेही औषधांपेक्षा कमी नव्हता.

औषधांचा गट जिंकला तो काटेकोरपणामुळे: ॲस्पिरिनसोबत ९० दिवस क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारी दुसरी गोळी), वरचा रक्तदाब १४० च्या खाली (मधुमेह्यांत १३०), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, तंबाखू बंद. जळगाव-धुळ्याच्या घरात हे पाळायचे तर पापड, लोणचे आणि ठेच्यातल्या मिठाचाही हिशेब ठेवावा लागतो. गोळ्या मध्येच सोडणे सर्वांत घातक.

ताज्या लकव्यात गुठळी कॅथेटरने ओढून काढणे हा मात्र वेगळा उपचार आहे. मोठी धमनी बंद असल्यास त्याचा फायदा २०१५ च्या चाचण्यांनी सिद्ध केला. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या दूरच्या पाड्यांवरून निघताना लक्षणांची नेमकी वेळ लिहून घ्यावी. मानेतल्या धमनीचा पुरावाही निराळा: ‘क्रेस्ट’ (२०१०) चाचणीत स्टेंट आणि शस्त्रक्रिया एकंदरीत बरोबरीत राहिले, पण सुरुवातीचा लकवा स्टेंटनंतर जास्त होता.

नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातल्या मुलांच्या लकव्यात धमनी अरुंद दिसली तरी कारण चरबी नसते; तिथे मुख्य उपचार रक्त चढवण्याचा, स्टेंटचा नाही.