सार्वजनिक पुनर्विकासात विकासकाची निवड (मुंबई)

सरकारी किंवा निमसरकारी जमिनीवरच्या जुन्या चाळी, वसाहती आणि झोपडपट्ट्या पाडून तिथे नवी वस्ती उभारायची असते, तेव्हा हे काम कोणत्या कंपनीला द्यायचे हे ठरवण्याची प्रक्रिया म्हणजे विकासकाची निवड. व्यवहाराचा गाभा साधा आहे. सरकारकडे जमीन असते, पण हजारो घरे बांधायला रोख पैसा नसतो. विकासक मूळ रहिवाशांना मोफत घरे बांधून देतो आणि वाढीव चटईक्षेत्रातून (म्हणजे भूखंडावर जितके बांधायला परवानगी मिळते त्या क्षेत्रातून) निघणारी जादा घरे खुल्या बाजारात विकून खर्च व नफा वसूल करतो. पहिल्या भागाला पुनर्वसन घटक म्हणतात, दुसऱ्याला विक्री घटक. मुंबईत विक्री घटकाचा भाव इतका चढा असतो की भागीदाराची निवड हा नेहमीच वादाचा विषय ठरतो.

इतर देशांत हे काम सहसा नगरपालिकेकडे असते. मुंबईत ते महानगरपालिकेच्या हाती फारसे नाही. पालिका विकास आराखडा करते आणि रस्ते, पाणी, मलनिःसारण सांभाळते. विकासक ठरवण्याचा अधिकार मात्र म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (बोलीभाषेत 'एसआरए') आणि धारावी पुनर्विकास प्रकल्प अशा राज्य सरकारच्या यंत्रणांकडे असतो. मोठ्या प्रकल्पांचा शेवटचा निर्णय मंत्रिमंडळातच होतो. त्यामुळे आपली चाळ कोण पाडणार हे रहिवाशाने नगरसेवकाला विचारले, तर त्याच्याजवळही उत्तर नसते. शेजारच्या ठाण्यात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे समूह विकास योजना महापालिका राबवते, आणि किसननगर भागासाठी तिने सिडको या सरकारी कंपनीलाच सोबत घेतले. अन्य काही भागांसाठी महाप्रीत या दुसऱ्या सरकारी कंपनीची निवड झाली.

निवडीच्या पायऱ्या कागदावर ठरलेल्या आहेत. आधी सल्लागार नेमून प्रकल्पाचा आराखडा आणि जमाखर्च मांडला जातो. मग इच्छुक कंपन्यांकडून स्वारस्य मागवतात, अटी ठरतात, निविदापूर्व बैठक होते आणि कंपन्यांच्या शंकांनुसार शुद्धिपत्रके निघतात. देकार दोन लिफाफ्यांत येतो. तांत्रिक लिफाफ्यात कंपनीचा अनुभव, उलाढाल आणि नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) असते, आर्थिक लिफाफ्यात बोली. तांत्रिक लिफाफ्यात जो बाद झाला, त्याचा आर्थिक लिफाफा उघडला जात नाही. त्यानंतर छाननी, सचिवांची समिती, मंत्रिमंडळ, शासन निर्णय, इरादापत्र आणि करार.

या सगळ्यांत सर्वांत कमी चर्चा होते ती बोली नेमकी कशावर लावायची या प्रश्नाची. निम्मी निवड तर तिथेच होऊन जाते. मुंबईतले तीन प्रकल्प शेजारी ठेवले की हे लख्ख दिसते.

पहिला प्रकल्प बीडीडी चाळींचा. १९२०च्या दशकात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून लांबलचक अंधारा बोळ, शौचालय सामाईक. दिवाळीत त्याच बोळात दारोदार रांगोळ्या काढल्या जात आणि रात्री पाळी संपवून आलेला गिरणी कामगार त्यांच्या कडेने पाय टाकत जाई. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने बाजूला राहिल्या. उरलेल्या तीन ठिकाणच्या १९५ चाळींसाठी म्हाडाने विकासक शोधलाच नाही. जमीन आणि विक्री घटक दोन्ही स्वतःकडे ठेवून तिने ठेकेदार नेमले. वरळीला टाटा प्रोजेक्ट्स, कॅपॅसिटी आणि सिटिक यांचा समूह, नायगावला लार्सन अँड टुब्रो, ना. म. जोशी मार्गावर शापूरजी पालनजी. ठेकेदाराची बोली बांधकामाच्या दरावर लागते. घरांचे भाव चढले तर फायदा म्हाडाचा आणि पडले तर तोटाही म्हाडाचाच. २०१७च्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झाले. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या पडल्या त्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी. आठ वर्षे हा काळ थोडा नाही. तरीही सार्वजनिक जमिनीची मालकी न सोडता काम होऊ शकते हे या प्रकल्पाने दाखवले, आणि प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी कमाई आहे.

दुसरा प्रकल्प गोरेगावच्या मोतीलाल नगरचा. १४३ एकरांची ही म्हाडाची वसाहत १९६०च्या दशकातली, बैठ्या घरांची. इथे बोली पैशांवर नव्हती. म्हाडाला किती बांधीव क्षेत्र बांधून देणार, हा निकष होता. किमान ३.८३ लाख चौरस मीटरची अट होती. अदानी समूहाने ३.९७ लाखांचा देकार दिला आणि लार्सन अँड टुब्रोला मागे टाकले. जुलै २०२५ मध्ये करार झाला. निवडलेल्या कंपनीला इथे 'बांधकाम आणि विकास संस्था' म्हणतात. ठेकेदार आणि मालक यांच्या मधली ही जागा आहे.

तिसरी धारावी. सुमारे ६०० एकर, चामड्याचे कारखाने, कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, गोधड्यांसारखी एकमेकांना शिवलेली घरे. पुनर्विकास एकत्रित करायचा हे राज्य सरकारने २००४ साली ठरवले. २००७ मध्ये धारावीचे पाच भाग करून जागतिक पातळीवर स्वारस्य मागवले गेले आणि मोठमोठे समूह पुढे आले. वर्षभरात जागतिक मंदी आली, निर्णय लांबत गेला, एकेक कंपनी बाहेर पडली आणि २०११ साली ती प्रक्रियाच गुंडाळण्यात आली. पाचवा भाग म्हाडाकडे गेला. २०१६ मध्ये उरलेल्या चार भागांसाठी निविदा निघाली. मुदतवाढ देऊनही एकही बोली आली नाही.

मग २०१८ साली सगळी चौकटच बदलली. तुकड्यांऐवजी संपूर्ण धारावी एकाच भागीदाराला, आणि त्याच्यासोबत विशेष हेतू कंपनी, म्हणजे फक्त या प्रकल्पासाठी काढलेली संयुक्त कंपनी: ८० टक्के भागीदाराचे, २० टक्के सरकारचे. बोली लावायची ती प्रकल्पात किती रक्कम घालणार यावर. दुबईशी संबंध असलेल्या सेकलिंक या कंपनीची ७,२०० कोटी रुपयांची बोली सर्वोच्च ठरली. पण पुढे माटुंग्याजवळची रेल्वेची ४५ एकर जमीन प्रकल्पात आणण्यासाठी सरकारने ८०० कोटी रुपये दिले. त्यामुळे निविदेचे मूळ स्वरूपच बदलते, असे मत महाधिवक्त्यांनी दिले आणि २०२० मध्ये निविदा रद्द झाली.

२०२२च्या नव्या निविदेत अटी बदलल्या होत्या. नक्त मूल्याची अट २०,००० कोटी रुपयांवर नेण्यात आली आणि किती कंपन्यांनी एकत्र यावे यावरची मर्यादा आवळण्यात आली. तीन बोलीदार आले. नमन समूह तांत्रिक लिफाफ्यात बाद झाला. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी उरलेले दोन आर्थिक लिफाफे उघडले: अदानी ५,०६९ कोटी, डीएलएफ २,०२५ कोटी. जुलै २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. अटी एका विशिष्ट कंपनीसाठी बेतल्या, असा सेकलिंकचा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो फेटाळला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सेकलिंकने आपली बोली २० टक्क्यांनी वाढवण्याची तयारी दाखवली. न्यायालयाने कामाला स्थगिती दिली नाही, मात्र प्रकल्पाचे सर्व व्यवहार एकाच बँक खात्यातून करण्यास सांगितले.

इथे न्यायालयांची भूमिका समजून घ्यावी लागते. 'टाटा सेल्युलर' खटल्याच्या १९९४ मधल्या निकालापासून भारतीय न्यायालये निविदेची प्रक्रिया तपासतात, निवड योग्य की अयोग्य हे ठरवत नाहीत. अट मनमानी आहे का, कोणाला डावलले का, एवढेच पाहिले जाते. धारावीसाठी एक भागीदार बरा की पाच, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येतच नाही. तो अटी लिहिल्या जातात तेव्हाच विचारायला हवा, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर धारावीकरांना बोलावले जात नाही.

निविदेविना निवड झाली की काय होते, हे गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात, म्हणजे पत्राचाळीत, दिसले. तिथले रहिवासी, म्हाडा आणि गुरु आशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात २००८ साली त्रिपक्षीय करार झाला. ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी केली. सक्तवसुली संचालनालयाच्या आरोपानुसार, कंपनीने रहिवाशांची घरे न बांधताच चटईक्षेत्र नऊ विकासकांना विकले आणि सुमारे ९०२ कोटी रुपये उभे केले. भाडे थकले, कुटुंबे उपनगरांत विखुरली, कित्येक ज्येष्ठ घराची वाट पाहतच गेले. २०१८ साली म्हाडाने करार रद्द केला आणि अपुऱ्या इमारती स्वतः पुऱ्या करायला घेतल्या. निवडीइतकीच निवडीनंतरची देखरेख महत्त्वाची असते, आणि ती करणारा अभियंता सार्वजनिक यंत्रणेच्या पगारावर असावा लागतो.

रहिवाशांच्या संमतीबाबत कायद्यात मोठी विसंगती आहे. खासगी गृहनिर्माण संस्थेला विकासक निवडायचा असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९च्या आदेशानुसार खास सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिथे निबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो आणि सभेचे चित्रीकरण होते. नेहमीच्या झोपडपट्टी योजनेतही बहुसंख्य झोपडीधारकांची संमती लागते. धारावीत आणि बीडीडी चाळींत ही अट लागू नाही, कारण प्रकल्प सरकारी मानला जातो. वीस घरांच्या इमारतीला मतदानाचा हक्क आहे आणि लाखोंच्या वस्तीला नाही, हे पटण्यासारखे नाही. लंडनमध्ये २०१८पासून, महापौरांच्या निधीतून सरकारी वसाहत पाडायची असेल तर आधी रहिवाशांचे गुप्त मतदान घ्यावे लागते. त्याच वर्षी तिथल्या हॅरिंगे पालिकेने लेंडलीज कंपनीबरोबरची निम्म्या-निम्म्या भागीदारीची योजना स्थानिक विरोधामुळे मोडीत काढली. भागीदार निवडून झाला होता, तरीही.

मुंबईत रहिवाशाचा प्रक्रियेशी पहिला प्रत्यक्ष संबंध येतो तो पात्रतेच्या वेळी. दारावर रंगाने आकडा टाकला जातो, घरातले कागद पिशवीतून बाहेर निघतात: जुने रेशन कार्ड, विजेचे बिल, मतदार यादीचा उतारा. धारावीत १ जानेवारी २०००पूर्वीच्या तळमजल्यावरच्या घराला धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर. २००० ते २०११ दरम्यानच्यांना धारावीबाहेर अडीच लाख रुपयांत घर. त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यावरच्यांना बाहेरच, भाड्याने. भिंतीवर यादी लागते, आणि माणसे बोट खाली खाली सरकवत आपले नाव शोधत राहतात. यांतल्या काही रकान्यांच्या कडा ठरल्या तेव्हा निविदेचे लिफाफे उघडून झालेले होते.