अमेरिकन निंजा वॉरियर : सातवे पर्व

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर २५ मे ते १४ सप्टेंबर २०१५ या काळात दाखवले गेलेले, अडथळा शर्यतीच्या दूरचित्रवाणी स्पर्धेचे पर्व. ही स्पर्धा २००९ साली सुरू झाली आणि तिची आधीची सहाही पर्वे विजेत्याविनाच संपली होती. सातव्या पर्वात दोघांनी शेवट गाठला. बक्षीस मात्र एकालाच मिळाले. या पर्वाचा विषय अजूनही निघतो तो बहुधा त्या दुसऱ्यामुळे.

मूळ कल्पना जपानची. तिथल्या टीबीएस वाहिनीने १९९७ मध्ये ‘सासुके’ ही स्पर्धा सुरू केली. चारही टप्पे पार करण्याला तिथे ‘कान्झेनसेइहा’, म्हणजे संपूर्ण विजय, म्हणतात. तो पहिल्यांदा १९९९ मध्ये काझुहिको अकियामा या खेकडे पकडणाऱ्या मच्छीमाराने मिळवला. २००६ मध्ये माकोतो नागानो या दुसऱ्या मच्छीमाराने. दोर आणि जाळी ओढून कमावलेल्या हातांचा हा प्रताप असावा, असे म्हणायचा मोह होतो. अमेरिकी आवृत्तीच्या पहिल्या तीन पर्वांत निवडलेल्या स्पर्धकांना अंतिम फेरीसाठी जपानलाच नेत असत. २०१२ पासून ती फेरी लास वेगासमध्ये होऊ लागली, पण ‘माउंट मिदोरियामा’ हे जपानी नाव तसेच ठेवले. मिदोरियामा म्हणजे हिरवा डोंगर. वाळवंटातल्या शहरात उभ्या केलेल्या पोलादी सांगाड्याला हे नाव आहे, हेही गमतीचेच.

सातव्या पर्वाच्या शहरफेऱ्या व्हेनिस बीच, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, ऑर्लँडो आणि पिट्सबर्ग येथे झाल्या. सॅन पेड्रो येथे आजी-माजी सैनिकांसाठी वेगळी फेरी घेतली गेली. पात्रता फेरीत सहा अडथळे असत आणि शहराच्या अंतिम फेरीत त्यांत चारांची भर पडे. खाली पाण्याचे हौद. पाण्यात पडला की स्पर्धक बाद. दुसरी संधी नाही. समालोचन मॅट आइसमन आणि अकबर बाजाबियामिला यांचे होते. मैदानाच्या कडेने मुलाखती घेणारी क्रिस्टीन लेही याच पर्वापासून आली. बक्षिसाची रक्कमही याच पर्वात पाच लाखांवरून दहा लाख डॉलर केली गेली. सहा वर्षांत ती कोणी नेलीच नव्हती, त्यामुळे वाढवण्यात फारशी जोखीम वाटली नसेल.

अडथळ्यांपैकी प्रेक्षकांच्या सर्वाधिक ओळखीची ‘वॉर्प्ड वॉल’. या पर्वात चौदा फूट उंच असलेली ही भिंत खालून आतल्या बाजूला वळत वर जाते. चार-पाच पावलांची धाव घेऊन वर झेपावायचे आणि वरची कड पकडायची. पाऊल भिंतीवर जरा उशिरा पडले तरी माणूस घसरत पुन्हा पायथ्याशी येतो. ‘सॅमन लॅडर’मध्ये दोन हातांत धरलेल्या दांड्याला लोंबकळायचे, अंगाला झटका देऊन दांड्यासकट वर उसळायचे आणि दांडा वरच्या खाचांत अडकवायचा. एक टोक अडकले नि दुसरे सुटले की संपले. खरा कस मात्र वेगासच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्यात लागे. तिथे वेळेची मर्यादा नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. त्यातल्या ‘अल्टिमेट क्लिफहँगर’मध्ये बोटांची टोके कशीबशी टेकतील एवढ्याच अरुंद पट्ट्यांना लटकत पुढे सरकायचे असे आणि एका पट्टीवरून दुसरीवर झेपही घ्यायची असे. पाय कशालाच लागत नाहीत. हातांत गोळे येतात, पंजा मिटेनासा होतो. २०१४ पर्यंत एकाही अमेरिकी स्पर्धकाने हा टप्पा पूर्ण केला नव्हता.

२०१५ मध्ये तो दोघांनी पूर्ण केला : मेरीलँडचा कॅमेरामन जेफ ब्रिटन आणि यूटाचा प्रस्तरारोहक आयझॅक काल्डिएरो. काल्डिएरो उपाहारगृहात टेबले आवरण्याचे काम करीत असे. उरला चौथा टप्पा, त्यात एकच अडथळा : ७५ फुटांचा दोर, साधारण सात मजल्यांएवढा, तीस सेकंदांत चढायचा. आधी ब्रिटन चढला. त्याने वरचा बझर, म्हणजे शेवट गाठल्याची घंटा, दाबला तेव्हा घड्याळात २९.६५ सेकंद झाले होते. म्हणजे एका सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या भागाने तो वाचला. स्पर्धा पूर्ण करणारा तो पहिला अमेरिकी ठरला. मग काल्डिएरो आला आणि २६.१४ सेकंदांत वर पोचला.

नियम असा होता की एकाहून अधिक जण शिखरावर पोचले तर चौथ्या टप्प्यातील सर्वांत कमी वेळेचा मानकरी सगळी रक्कम घेणार. त्यामुळे दहा लाख डॉलर काल्डिएरोला मिळाले. ब्रिटनला त्यातला एक डॉलरही नाही. नियम आधीच ठरलेला होता, त्यामुळे अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पण पहिल्या तीन टप्प्यांतली कामगिरी या हिशेबात धरलीच जात नाही, ही या नियमातली पंचाईत. शिवाय शहरातल्या दोन फेऱ्या आणि वेगासचे चार टप्पे असे सहाच्या सहा बझर एकाच पर्वात दाबणारा ब्रिटन हा पहिलाच स्पर्धक. त्यामुळे ‘पहिला अमेरिकन निंजा वॉरियर कोण’ या प्रश्नाला चाहत्यांत दोन उत्तरे आहेत, आणि पैसे कोणाला मिळाले यावर त्यांचा निकाल लागत नाही.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी जपानमध्ये युसुके मोरिमोतो यानेही ‘सासुके’ पूर्ण केली. दोन अमेरिकी एकदम पोचल्यावर अंतिम फेरी सोपी झाल्याची शंका कोणाला आली असेल, तर पुढच्या तीन पर्वांनी ती पुसून टाकली. २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये दोराला हात लावण्यापर्यंतही कोणी पोचले नाही. दहा लाखांचा पुढचा विजेता मिळायला २०१९ उजाडावे लागले.