लिनक्ससाठी लॅपटॉप घेताय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या आमच्या दुकानात सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे लॅपटॉप घेऊन येणारे खूप वाढलेत. मशीन धडधाकट असतं, पण विंडोज ११ त्याला घेत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. अशा मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं की ते आणखी काही वर्षं निवांत चालतं. त्यामुळे जुना लॅपटॉप भंगारात काढण्याची घाई करू नका, हे आमचं पहिलं सांगणं.

दुसरं सांगणं थोडं वेगळं आहे. ‘लिनक्स काय, कशावरही चालतं’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप बनवणारी कंपनी तो विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवते आणि ड्रायव्हरही, म्हणजे एकेक चिप चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, विंडोजचेच देते. लिनक्सचे ड्रायव्हर बहुतेक त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतात. काही चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलेले, काही जगभरच्या स्वयंसेवकांनी स्वतः खपून लिहिलेले. ज्या चिपसाठी कोणी लिहिलेलाच नाही, ती मशीनमध्ये असून नसल्यासारखी.

मॉडेल नको, चिप बघा

आम्ही एकदा एका व्यापाऱ्याकडून बारा लॅपटॉपचा लॉट घेतला होता. सगळ्यांचं मॉडेल एकच, खालचं स्टिकरही एकच. नऊ मशीनवर वाय-फाय पहिल्या झटक्यात लागलं, तीनवर नेटवर्कची यादीच उघडेना. मागचं झाकण काढलं तेव्हा कळलं, त्या तिघांत कार्डच दुसरं होतं. कंपन्या एकाच मॉडेलमध्ये मिळेल त्या पुरवठादाराचं कार्ड बसवतात. तेव्हापासून नुसतं मॉडेल ऐकून आम्ही कोणाला हो म्हणत नाही.

तुम्हालाही हे बघता येईल. विंडोज चालू असताना डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टरखालचं नाव वाचा. इंटेल दिसलं तर चिंता नाही. ब्रॉडकॉम दिसलं तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागण्याची शक्यता धरा. रिअलटेक असेल तर नेमका नंबर आम्हाला पाठवा, कारण त्यांच्या काही चिप छान चालतात आणि काही फार छळतात.

कार्ड बदलता येत असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ दिसायला अगदी तसंच असतं, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या जोडीनेच चालतं. ऑनलाइन मागवताना हा एक आकडा चुकला की कार्ड तसंच पडून राहतं. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर) तर कंपनीने मान्य केलेल्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही. तेव्हा आधी विचारा, मग मागवा.

ग्राफिक्सचं थोडक्यात: फक्त इंटेल किंवा एएमडीचं असेल तर उत्तम. एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असेल तर चालतं, पण ड्रायव्हर त्यांचा टाकावा लागतो आणि बॅटरीकडे जरा लक्ष द्यावं लागतं. गेम किंवा थ्रीडीचं काम नसेल तर त्या कार्डासाठी जास्त पैसे मोजू नका.

झाकण बंद करून बघा

ही चाचणी दुकानात कोणी करत नाही, आणि नंतरच्या तक्रारी याच्याच असतात. पूर्वीचे लॅपटॉप झाकण बंद केलं की खरोखर झोपायचे. बऱ्याच नव्या मशीनमधून ती जुनी पद्धत काढून टाकली आहे. ती अर्धवट जागी राहतात, आणि लिनक्सवर बॅगेतल्या बॅगेत गरम होऊन बॅटरी संपवतात. लेनोवोच्या काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’खाली ‘लिनक्स’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की प्रश्न मिटतो. बाकीच्यांत तपासायचा एकच उपाय: रात्री ८० टक्के बॅटरीवर झाकण लावा आणि सकाळी किती उरली ते बघा.

कॅमेराही तपासा. गेल्या काही वर्षांतल्या काही पातळ, महाग लॅपटॉपमध्ये कॅमेरा नेहमीसारखा यूएसबीने जोडलेला नसतो आणि लिनक्सला तो दिसत नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालेलच असं धरू नका. जुनं मॅकबुक स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर २०१८ ते २०२० मधली टी२ चिपची मॉडेल्स टाळा. त्यांच्यासाठी वेगळं, बदल केलेलं कर्नल वापरावं लागतं.

आम्हाला स्वतःला विचाराल तर थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी५. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली, उघडायला सोपी, रॅम वाढवता येणारी मशीन. फक्त बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड नाही ना, हे तिथल्या तिथे बघून घ्या.

काहींना आम्ही नको म्हणतो

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधून ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्सवर काम करणारे येतात, त्यांना आम्ही लिनक्स टाकून देत नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनाही नाही. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघतच नाहीत. डीटीपीवाल्यांनो, श्री-लिपीतल्या जुन्या फाइली रोज लागत असतील तर विंडोजचं एक मशीन राहू द्या. आणि घरी कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर आधी सांगा. तो लिनक्सवर चालवणं किचकट आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र सहज लागतात.

मराठी टायपिंगची भीती बाळगू नका. सिन्नरच्या एका शिक्षिकेने लॅपटॉप समोर ओढून पहिला प्रश्न तोच विचारला, “दादा, यात ‘ज्ञ’ येतो का?” इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड सेटिंगमध्येच होता. तिथेच त्यांनी वर्गातल्या मुलांची नावं टाइप केली, ‘ज्ञानेश्वर’पासून सुरुवात करून.

आधी पेनड्राइव्हवरून चालवा

लिनक्स मिंट २२ (लिनक्सचाच एक तयार प्रकार) घातलेला पेनड्राइव्ह दुकानातून घेऊन जा. या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लॅपटॉप सुरू होताना डेल आणि थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. डिस्कवरचं काहीही न पुसता लिनक्स उघडतं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण, प्रोजेक्टर, सगळं विकणाऱ्यासमोरच चालवून बघा. त्याने नको म्हटलं तर तिथून उठा.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर ती खराब आहे असं समजू नका. बहुतेकदा बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ (RAID) या पर्यायावर असतं, ते ‘एएचसीआय’ (AHCI) वर आणावं लागतं. मात्र विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल स्वतः करू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबेल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून सोबत आणा. ती नसेल तर फोटो, कागदपत्रं काहीच आम्हाला परत काढून देता येत नाही. येताना चार्जरही आणा. आणि पेनड्राइव्ह काम झालं की परत द्या, पुढचं कोणीतरी त्याची वाट बघत असतं.