प्रकाशोपचार

प्रकाशोपचार : दिवस लहान झाले की दरवर्षी डोके वर काढणाऱ्या हिवाळी नैराश्यावर प्रखर कृत्रिम उजेडाने केला जाणारा उपचार. नवजात बाळाची कावीळ आणि काही त्वचारोग यांवरही प्रकाशाचे उपचार होतात, पण तिथे उजेड कातडीवर पडावा लागतो. इथे तो डोळ्यांत शिरावा लागतो.

या नैराश्याचे पद्धतशीर वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील नॉर्मन रोझेंथल व सहकाऱ्यांनी केले. रोझेंथल मूळचे जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलीच उमेद खचते, हे त्यांना जाणवले होते. त्याआधी १९८० मध्ये संशोधक आल्फ्रेड ल्युई यांनी दाखवले होते की रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक घरातल्या दिव्यांइतक्या उजेडाने दबत नाही, २,५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेडाने मात्र दबते. उपचाराची कल्पना तिथून पुढे सरकली.

एरवीच्या नैराश्यात बहुधा झोप उडते आणि अन्नावरची वासना जाते. इथे उलटे होते. झोप पुरत नाही, गोडाधोडाची आणि पिष्टमय पदार्थांची ओढ लागते, वजन वाढते, हातपाय जड होतात. म्हणूनच घरचे त्याला आळस म्हणून मोकळे होतात. लागोपाठ दोन वर्षे हाच क्रम दिसला, की निदान पक्के धरतात. महाराष्ट्रातून लंडन-स्टॉकहोमकडे गेलेला माणूस पहिल्या हिवाळ्यातली उदासी घरच्या आठवणीवर ढकलतो, ते समजण्यासारखे आहे. मुंबईत डिसेंबरचा दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. लंडनचा सर्वांत लहान दिवस ८ तासांचाही नसतो. पण तीच उदासी वसंतात आपोआप निवळून पुढच्या नोव्हेंबरात हजर झाली, तर कारण उजेडात शोधावे. अक्षांशाचा हिशेब मात्र सरळ नाही : १९९३ च्या एका अभ्यासात आइसलँडच्या लोकांत या नैराश्याचे प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळले.

उपचाराची रूढ मात्रा १०,००० लक्स, सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास. हा उजेड देणारी दिव्यांची पेटी टेबलावर थोडी बाजूला ठेवून न्याहारी करावी, पेपर वाचावा. तिच्याकडे टक लावून बघायचे नसते. पेटीवर छापलेला आकडा ठरावीक अंतराचा असतो. खुर्ची हातभर मागे सरकवली की उजेड झपाट्याने घटतो, आणि ‘काही फरक पडला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. संध्याकाळी पेटी लावल्यास झोप उशिरा लागते. गुण बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो, पण उपचार मधेच सोडला की त्रास उलटतो; म्हणून तो वसंतापर्यंत चालवतात. चांगल्या पेटीत अतिनील किरण गाळलेले असतात, त्यामुळे तिच्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. पेटी नसेल तर दुपारचे चालणे करावे : ढगाळ आकाशाखालीही बाहेर साधारणतः हजार लक्सच्या वर उजेड असतो, घरात काही शेच.

नॉर्वेतल्या र्‍युकान गावाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. अरुंद दरीतल्या या गावात सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ऊन उतरत नाही. लोकांना वर उन्हात नेण्यासाठी १९२८ मध्ये रज्जुमार्ग बांधला गेला. २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले गेले. संगणकाच्या आधारे ते सूर्याबरोबर फिरतात आणि चौकात उन्हाचा एक तुकडा टाकतात. गावकरी तिथे खुर्च्या टाकून बसतात. याला वैद्यकीय उपचार म्हणता येणार नाही, पण घराबाहेर पडायला निमित्त मिळते, हा लाभ थोडका नव्हे.

पेटी हा एकमेव मार्ग नाही. व्हरमाँट विद्यापीठातील केली रोहन यांच्या १७७ रुग्णांवरील अभ्यासात त्या हिवाळ्यापुरते प्रकाशोपचार आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलणारा संवादी उपचार) सारखेच गुणकारी ठरले; दोन हिवाळ्यांनंतर मात्र नैराश्य उलटण्याचे प्रमाण वर्तनोपचार घेतलेल्यांत कमी होते. द्विध्रुवी विकार (ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटूनपालटून येतात) असलेल्यांत प्रखर उजेडाने उन्माद उसळू शकतो. दृष्टिपटलाचे विकार असलेल्यांनी, तसेच उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जीव नकोसा वाटू लागला असेल, तर पेटीच्या गुणाची वाट न पाहता लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.