रासायनिक संवेदनशीलता : चिकित्सालयीन उपचार

अत्तर, ताजा रंग, कीटकनाशके, नवे गालिचे, वाहनांचा धूर यांच्या अत्यल्प संपर्कानेही डोकेदुखी, धाप, ग्लानी, विस्मरण असा त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी खास चिकित्सालयांत योजले जाणारे उपचार. लक्षणे खरी असतात आणि त्यांपायी नोकरी व घर सोडावे लागलेले रुग्ण आहेत. वाद आहे तो कारणाविषयी : त्रास रसायनांनी होतो की त्यांच्या केवळ अपेक्षेने.

या उपचारपद्धतीचे जनकत्व सामान्यतः शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ (१९०६–९५) यांना देतात. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणारे रँडॉल्फ १९५० च्या सुमारास रसायनांकडे वळले असावेत; त्यांची सुसूत्र मांडणी १९६२ च्या ग्रंथात आढळते. काही अभ्यासक हा विकार एकोणिसाव्या शतकातील न्यूरॅस्थेनियापर्यंत (थकवा, डोकेदुखी इत्यादींना तेव्हा दिलेले ‘मज्जादौर्बल्य’ हे निदान) मागे नेतात. तथापि लक्षणांतील साम्यापलीकडे त्याला फारसा आधार नसल्याने आरंभ रँडॉल्फपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. १९८७ मध्ये अमेरिकन व्यवसायजन्य रोगतज्ज्ञ मार्क कलेन यांनी कामगारांच्या पाहणीतून या विकाराची व्याख्या केली.

रँडॉल्फ यांनी रुग्णालयात नियंत्रित पर्यावरण कक्ष उभारला. अशा कक्षात प्लॅस्टिक, गालिचे व सुगंधी वस्तू वर्ज्य असून हवा गाळून घेतात. रुग्णाला चार-पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ केवळ पाण्यावर ठेवतात. या काळात पहिले काही दिवस त्रास वाढतो व मग ओसरतो, असे या उपचारपद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे. त्यानंतर एका वेळी एकच अन्नपदार्थ खाऊ घालून आणि पुढे एकेक रसायन हुंगवून कशाने त्रास उलटतो ते पाहतात. हृदयशल्यविशारद विल्यम रे यांच्या डॅलस येथील केंद्रात (स्थापना १९७४) भिंतींना चिनी मातीचे आवरण असलेल्या खोल्या आणि प्राणवायूसाठी चिनी मातीचेच मुखवटे वापरीत. बाष्पस्नान व ‘निष्प्रभावन’ इंजेक्शने हेही तेथील उपचारांत मोडत. या इंजेक्शनांचे उपचारमूल्य वादग्रस्त असल्याचे रुग्णांना कळविण्याचे बंधन २०१० मध्ये टेक्सास वैद्यक मंडळाबरोबरच्या तडजोडीने रे यांच्यावर आले.

त्वचेखाली पदार्थाचा अर्क टोचून लक्षणे जागवायची आणि वेगळ्या मात्रेने ती शमवायची, हे या इंजेक्शनांमागचे तत्त्व. अन्नाच्या संवेदनशीलतेबाबत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विअंध चाचणीत (कोणते इंजेक्शन खरे हे रुग्ण व चिकित्सक दोघांनाही ठाऊक नसलेली) १८ रुग्ण होते. अर्काच्या इंजेक्शनांपैकी २७ टक्क्यांनी व नुसत्या द्रावाच्या इंजेक्शनांपैकी २४ टक्क्यांनी लक्षणे उद्भवली. एवढ्या फरकावर निदान उभे राहू शकत नाही. रसायनांच्या ३७ चाचण्यांच्या २००६ मधील आढाव्यातही, खरा पदार्थ कोणता हे रुग्णाला ओळखू येत असेल तेव्हाच त्रास प्रामुख्याने होतो, असे दिसले. यावर या विकाराच्या अभ्यासक, अमेरिकन वैद्य क्लॉडिया मिलर यांचा आक्षेप असा की, रोजच्या संपर्काने शरीराची प्रतिक्रिया झाकली जाते, म्हणून आधी नियंत्रित कक्षात राहून मगच चाचणी घेतली पाहिजे. आक्षेप तर्काला धरून आहे, परंतु अशा कक्षांत पुरेशा अंध चाचण्या झालेल्या नाहीत. तोवर आढाव्याचा निष्कर्ष अधिक ग्राह्य मानावा लागतो.

सार्वजनिक खर्चाची चिकित्सालये प्रामुख्याने कॅनडात आढळतात. हॅलिफॅक्सच्या कॅम्प हिल रुग्णालयातील शेकडो कर्मचारी आजारी पडल्यानंतर नोव्हास्कोशा प्रांतात असे केंद्र निघाले. टोरंटोतील विमेन्स कॉलेज रुग्णालयात १९९६ पासून पर्यावरण आरोग्य चिकित्सालय आहे. डेन्मार्कमध्ये सजगतेवर आधारित मनोपचार करून पाहिले गेले. आजाराकडे पाहण्याची दृष्टी काहीशी बदलली, आजाराची तीव्रता मात्र घटली नाही.

अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९१७ रुग्णांनी १०१ उपचारांना गुण दिले. सर्वांत उपयुक्त ठरले ते रसायनमुक्त राहती जागा तयार करणे आणि त्रासदायक पदार्थ टाळणे. तिसरा क्रमांक प्रार्थनेचा. महागड्या चिकित्सालयीन उपचारांपैकी एकही या तिहींत नाही.