मागे सरणारा कडा

कोकणातल्या कर्जतहून किंवा खेडहून पाहिलं तर सह्याद्री म्हणजे आभाळाला टेकलेली भिंत. पुण्याकडून, जुन्नरकडून या. चढ असा फारसा लागतच नाही, आणि घाटमाथ्यावर पायाखालची जमीन एकदम संपते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सह्याद्रीचा इतिहास या दोन बाजूंच्या फरकातच आहे. हिमालय घड्या पडून वर आला. सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे.

हे पठार रचलं गेलं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. जमिनीतल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला, पसरला, थिजला. आज झिजून उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. कुठल्याही किल्ल्याची वाट चढताना हे थर मोजता येतात. काळ्या कातळाचा उभा टप्पा, त्याखाली भोकाभोकांच्या ठिसूळ दगडाचा गवताळ उतार, खाली पुन्हा कातळ. मध्येच कुठे विटकरी मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात तयार झालेली ती माती. या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्द स्वीडिशमधल्या ‘जिना’ या अर्थाच्या शब्दावरून आला. दम लागलेल्या ट्रेकरला त्याची व्युत्पत्ती पटायला हरकत नाही.

याच सुमारास भारतापासून सेशेल्सचा तुकडा तुटून दूर गेला आणि अरबी समुद्राला जागा झाली. तुटण्याच्या खुणा अजून आहेत: घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवे, तर पनवेल-मुंबईकडे ते समुद्राच्या दिशेने कललेले. गोव्याच्या आसपास काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हा थिजलेला दगड, संपतो; त्याच्यापुढे फार जुने खडक लागतात. कडा मात्र तसाच दक्षिणेला चालू राहतो. म्हणजे लाव्ह्याने पठाराला दगड पुरवला, कड मिळाली ती खंड फाटल्यामुळे.

ही कड मुळात आजच्या किनाऱ्याजवळ असावी. परशुरामाच्या कथेत समुद्र पश्चिमेला हटतो आणि कोकण उघडं पडतं. भूगर्भशास्त्राच्या कथेत कडा पूर्वेला हटतो. पावसाचं पाणी ठिसूळ थर पोखरतं, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि कोसळतो. कोकणची रुंदी ढोबळमानाने ६० किलोमीटर धरली आणि काळ ६ कोटी वर्षं, तर हिशेब वर्षाला एक मिलीमीटर. ही नुसती सरासरी. प्रत्यक्षात शेकडो वर्षं काहीच होत नाही आणि एका रात्रीत अख्खी दरड येते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेने ते पाहिलं.

मग एवढी झीज होऊनही कडा बुटका का झाला नाही? याच्या उत्तराची सुरुवात भारतातल्याच एका मोजणीत झाली. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं, एकदा जमिनीवर मोजून आणि एकदा ओळंबा धरून ताऱ्यांवरून, तेव्हा ५ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) थोडा जास्त फरक आला. हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलला असेल, म्हणून कलकत्त्याचे आर्चडिकन जॉन प्रॅट यांनी गणित मांडलं. फरक जवळपास १६ विकला यायला हवा होता! हिमालय अपेक्षेपेक्षा कमी ओढत होता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असतं आणि पाण्यावरच्या ओंडक्यासारखा तो जड थरावर तरंगतो. ओंडका वरून तासला तर तो थोडा वर येतो. कवचाचा खडक पाण्याच्या सुमारे २.८ पट जड आणि खालचा ३.३ पट धरला, तर मोठ्या प्रदेशावरून एक किलोमीटर थर झिजल्यावर उंची घटते फक्त दीडशे मीटरच्या आसपास. बाकीची भरपाई खालून होते. कोकणातून एवढा दगड वाहून गेल्यावर ती किनारपट्टी उचलली गेली, आणि शेजारची कडही तिच्यासोबत.

याचा साक्षीदार आहे जांभा. तो तयार व्हायला सपाट जमीन, ऊन-पाऊस आणि भरपूर काळ लागतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, १,३०० मीटरच्या वर त्याची टोपी आहे. टेबललँडवरून फिरताना आपण एका जुन्या सपाटीच्या उरलेल्या तुकड्यावर चालत असतो. दुसरा जांभा खाली रत्नागिरीच्या सड्यांवर. कडा मागे गेल्यावर कोकणात जी नवी सपाटी झाली, तिच्यावरचा हा. आज त्या सड्यांना खाड्यांनी खोल चिरलंय. समुद्राच्या पातळीला असलेली सपाटी नदी अशी चिरत नाही; जमीन आधी उचलली जावी लागते. घराला चिरे काढतात त्या खाणीच्या भिंतीत हा पुरावा उघडा पडलेला असतो, पण तिथे लक्ष ट्रकच्या भाड्याकडे.

नद्यांनी मात्र कड्याचं सरकणं फारसं मनावर घेतलेलं नाही. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगवते आणि तरी बंगालच्या उपसागराकडे चालू लागते. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्या मुळाकडे कडा खात येतात. कधीतरी त्यातली एखादी माथा फोडून पूर्ववाहिनीचं पाणी पळवते; भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. कोयना महाबळेश्वरहून कड्याला समांतर दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते. वाशिष्ठीचं खोरं तिथून अगदी लगत, पण खोल खाली. वाशिष्ठीला ही चोरी साधायला किती लाख वर्षं लागली असती कोण जाणे. १९६० च्या दशकात बोगदे खणून कोयनेचं पाणी पोफळीला उतरवलं गेलं, आणि वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं.